आभाळातून पडलेला नारळ

नारळानं दोन जीव वाचवले, असं सगळा तालुका छातीठोकपणे सांगत होता. त्या दोन जिवांपैकी एक सुमेधाचा होता, आणि तिला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

तिला हे कळलं तेसुद्धा रिक्षात. डाव्या हाताचं प्लॅस्टर दाखवायला ती आई कौसल्याबाईंबरोबर नवीन जालन्यातल्या दवाखान्यात गेली होती. परत येताना रिक्षावाल्यानं आरशातून तिच्या हाताकडं पाहिलं आणि विचारलं, "ताई, कशानं मोडला?"

"विमानातून पडले."

रिक्षावाला हसला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजे दसऱ्याला पडलं त्या विमानातल्या तुमी? मंग तर तुमी विमानोबाचं दर्शन घ्यायलाच पाह्यजे! आज शनिवार. आज नारळ फोडून राह्यले ना. अण्णासाहेब स्वतः परसाद वाटणार हायेत."

"कोणता नारळ?"

"घ्या! विमानात व्हता तो. त्याच्यामुळं तर वाचले तुमी. सोयाबीनच्या वावरात बांधावर बसवलाय. लोकं लांबून लांबून येऊन राह्यले."

सुमेधा सीटवर ताठ झाली. "माझ्या विमानात नारळ नव्हता," ती म्हणाली, आणि हे म्हणता म्हणताच तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. "भाऊ, रिक्षा वळवा. त्या वावरात चला."

"घरी जायचं व्हतं ना?" म्हणून रिक्षावाल्यानं कौसल्याबाईंकडं पाहिलं. आईनं हातातली औषधांची पिशवी मांडीवर घट्ट धरली. "पोरगी म्हणून राह्यली तर वळवा," ती म्हणाली. "तिला उगं वळवा म्हणायची सवय न्हाई."

अण्णासाहेब म्हणजे बियाण्यांच्या धंद्यातलं मोठं प्रस्थ. अर्ध्या मराठवाड्याला कपाशीचं बी विकून झालं, तेव्हा त्यांना आभाळ विकायची हौस आली. जालन्याबाहेर अंबड रोडला त्यांनी धावपट्टी घेतली, दोन छोटी विमानं आणली, आणि पैसेवाल्यांच्या पोरांना उडायला शिकवायचा क्लब काढला. सुमेधा तिथं विमानं दुरुस्त करायची. अंगणवाडी सेविकेची मुलगी, वस्तीतली पहिली इंजिनिअर, तीही विमानाची. लायसन हातात पडलं त्या दिवशी कौसल्याबाईंनी विहारात खीर वाटली होती.

क्लबच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, एक रीत होती. जुन्या मोठ्या इंजिनिअरनं घालून दिलेली. ते कधीच सोडून गेले, रीत राहिली: ज्यानं पाना फिरवला, त्यानं वर बसायचं. मोठी दुरुस्ती झाली की विमान आधी चाचणीला उडतं, आणि त्या चाचणीत पायलटशेजारी दुरुस्ती करणारा बसलाच पाहिजे. सुमेधाला ही रीत मनापासून पटायची. आपल्या हातच्या भाजीचा पहिला घास आपणच खायचा, त्यात वाईट काय?

दुसरी रीत तिनं स्वतः पाडली होती. टॉर्च मारून तिनं विमान आतून तपासलं, की पुढं आत काही जायचं नाही. पाना नाही, पाण्याची बाटली नाही, देवही नाही. "बाहेर काय करायचं ते करा," ती म्हणायची. "चाकाखाली लिंबू ठेवा, पंख्याला हार घाला, माझी ना नाही. आत काही नको."

अण्णासाहेब यावर गालातल्या गालात हसायचे. "तुमच्यात हे नसतं, मला माहीत आहे."

"आमच्यात काय असतं ते राहू द्या, साहेब. विमानात सुटी वस्तू नसते."

हे बोलणं चारचौघांत झालं होतं, आणि अण्णासाहेबांना चारचौघांत ऐकून घ्यायची सवय नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी त्यांनी मुहूर्त काढला. धाकट्या विमानाच्या सगळ्या केबल सुमेधानं बदलल्या होत्या, म्हणजे पायलटच्या हातातल्या दांड्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या तारा. दांडा मागं ओढला की विमानाचं नाक वर होतं, पुढं लोटला की खाली. काम चोख झालं होतं. चाचणी दुसऱ्या दिवशी ठेवा, असं ती म्हणाली होती, कारण दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनाचाही दिवस, आणि आई पांढरी साडी नेसून विहारात तिची वाट पाहणार होती. पण मुहूर्त मालकाचा. तिनं टॉर्च मारला, सीटखाली पाहिलं, दांड्याच्या बुडाशी पाहिलं, आणि हाताचं ग्रीस धुवायला नळावर गेली. ती परत आली तेव्हा पूजा झाली होती, चाकावर कुंकू होतं आणि अण्णासाहेब फार खुशीत होते.

कॅप्टन सोमेश्वर म्हणजे शांत माणूस. विमान वर गेलं, डावीकडं वळलं, उजवीकडं वळलं, लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. "झकास काम केलंस," ते म्हणाले. मग उतरण्यासाठी त्यांनी नाक खाली केलं. जमीन जवळ आल्यावर दांडा मागं ओढला, आणि तो अर्ध्यात अडला.

"सुमेधा, येत नाही."

दोघांनी मिळून ओढला. दांडा पुढं जात होता, पण मागं येत नव्हता. समोर सोयाबीनचं वावर होतं, त्यात कापून रचलेली गंजी, आणि गंजीपलीकडून विळा टाकून पळणारी एक बाई. त्यानंतर सुमेधाला आठवत होता तो फक्त तोंडात गेलेला भुसा, आणि कुणीतरी काखेत हात घालून ओढतंय एवढंच.

ती बाई म्हणजे उषाबाई. वावर तिचं, गंजी तिची. आधी पळाली होती, पण मग उलटी फिरून आली आणि एकटीनं दोघांना बाहेर काढलं. कॅप्टनचा मणका दुखावला, सुमेधाचा हात मोडला. विमानाचं मात्र भंगार झालं.

अपघाताची बातमी पसरायच्या आत अण्णासाहेबांनी त्याचं कारणही पसरवलं. केबल कुणी बदलल्या? सुमेधानं. अडकलं काय? दांडा. झालं तर मग! तपास होईपर्यंत क्लबवर पाय ठेवू नको, असा निरोप तिला दवाखान्यातल्या खाटेवर मिळाला. तपासाला दिल्लीहून येऊन जालन्यातच मुक्काम केलेले साहेब भेटून गेले, ते भले वाटले. त्यांनी एक प्रश्न मात्र विचित्र विचारला. दांड्याच्या बुडाशी तपकिरी काथ्याचे धागे सापडले होते. कामात सुतळी वापरता का? सुमेधा नाही म्हणाली. हँगरमध्ये सुतळीचा तुकडासुद्धा नव्हता. साहेबांनी मान हलवली, पण ते कोड्यातच पडले होते, आणि तीही.

ती घरी आल्यावर नातेवाईक समाचाराला येऊन शहाणपण सांगून गेले. पोरीनं शिवणक्लास काढायला पाहिजे होता म्हणे. वस्तीचं नाव खराब झालं म्हणे. ते गेल्यावर कौसल्याबाईंनी दार लावलं आणि खाटेशेजारी बसून विचारलं, "चूक केली असंल तर सांग. आपण दोघी मिळून मान खाली घालू."

सुमेधानं डोळे मिटून एकेक नट पुन्हा फिरवला, एकेक तार हातानं चाचपून पाहिली. बराच वेळ गेला. "न्हाई केली, आई."

"मंग मान वर," आई म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

मायलेकी रिक्षातून वावरात पोचल्या तेव्हा जत्रा भरली होती. मोटारसायकली, चहाची गाडी, मोबाइल धरून उभी पोरं. एका बाजूला ताडपत्रीखाली विमानाचा सांगाडा, आणि त्याच्या राखणीला खुर्ची टाकून बसलेला हवालदार धर्मराज. दुसऱ्या बाजूला, बांधावरच्या लिंबाखाली, शेंदूर फासलेल्या दगडावर तो नारळ. हळदीनं पिवळा, कुंकवानं लाल, झेंडूच्या माळेत गळ्यापर्यंत बुडालेला.

शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत अण्णासाहेब उभे होते. लोक पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगायचा आग्रह करत होते, आणि तेही आढेवेढे न घेता सांगत होते.

"मी स्वतः ठेवला, माझ्या हातानं," ते म्हणत होते. "घरच्या देवापुढचा नारळ. ती पोरगी आत काही ठेवू देत नव्हती. मी म्हटलं, बिलकुल न्हाई, देवाशिवाय विमान उडणार न्हाई. ती हात धुवायला गेली अन् मी हळूच सीटखाली सारला. तिचं काम कच्चं निघालं, पण माझा नारळ पक्का निघाला! विमानाचा चुराडा झाला, पण माणसं वाचली का न्हाई?"

"वाचली!" लोक ओरडले.

सुमेधा गर्दीच्या कडेला उभी होती. रागानं तिची कानशिलं तापली. चार-आठ दिवस खाटेवर पडून ती स्वतःच्या हातांवर संशय घेत होती. एकेक नट आठवत होती. आणि हा माणूस जे लपवायला हवं त्याचा हार गळ्यात घालून मिरवत होता! त्याला कळतच नव्हतं आपण काय कबूल करतोय ते. ती गर्दीत घुसली.

"अगं माय, तू!" उषाबाईनं तिला पाहिलं आणि धावत येऊन तिच्या गालावरून हात फिरवला. "बरी हायेस ना? तुला वढून काढलं अन् हे बघ, तुझ्यामागनं हे गरंगळत आलं, माझ्या पायाशी. हळद-कुंकू लावलेलं. मी म्हणलं, आभाळातनं देव आला. टाकून कसा द्यायचा? म्हून बसवला."

"बरं केलंस, मावशी. टाकला नाहीस ते लई बरं केलंस," सुमेधा म्हणाली आणि दगडापुढं गुडघ्यावर बसली. लोकांना वाटलं पाया पडतेय. पोरांनी मोबाइल पुढं केले.

तिनं चांगल्या हातानं झेंडूची माळ बाजूला केली. नारळाची शेंडी अर्धी उपटली होती. करवंटीवर बोटभर लांब खाच पडली होती, आणि त्या खाचेत कुंकवाच्या खाली राखी रंग होता. तो रंग तिच्या ओळखीचा होता. दांड्याच्या बुडाला तिनंच स्वतःच्या हातानं लावलेला.

तिनं मान वर केली तेव्हा अण्णासाहेब तिच्याकडं बघत होते. मग त्यांची नजर खाचेवर गेली. बियाण्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस खुळा नसतो. त्यांचा चेहरा उतरला तो सगळ्यांत आधी कौसल्याबाईंनी पाहिला.

"चला, मुहूर्त टळून राह्यला," अण्णासाहेब एकदम घाईनं म्हणाले. "पुजारीबुवा, फोडा. जल्दी फोडा. परसाद वाटून टाका, एक तुकडा बी मागं ठेवू नका."

पुजाऱ्यानं नारळाला हात घातला. सुमेधानं प्लॅस्टरचा हात नारळावर आडवा टाकला.

"फोडायचा तर आधी हा फोडा," ती म्हणाली. "एकदा मोडलाच आहे. दुसऱ्यांदा मोडायला कुणाचा हात उठतोय बघू."

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, देवाच्या कामात आडवी येऊन राह्यली. कुणी म्हणालं, हिच्यामुळंच तर पडलं. मागून एकजण बोलला, "ह्यांना देव मानायचा न्हाई तर आपल्याला तरी मानू द्या!" कौसल्याबाई मागं वळल्या आणि त्यांनी त्या माणसाकडं नुसतं पाहिलं. तो चहाच्या गाडीकडं सरकला.

"हात काढ, पोरी," अण्णासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

"श्रद्धा लोकांची आहे, साहेब. नारळ तुमचा आहे." सुमेधा उभी राहिली, पण हात तिनं काढला नाही. "मावशी, तुझं वावर आहे. तुला सांगते, तू ठरव. हा सीटखाली होता. विमान सरळ होतं तोवर बसून राह्यला. आम्ही उतरायला नाक खाली केलं, तसा हा गडगडत पुढं आला आणि दांड्याच्या बुडाशी पाचरीसारखा बसला. दांडा मागं येईना. कॅप्टन आणि मी जीव खाऊन ओढला, ही खाच त्याची आहे. हा रंग माझ्या दांड्याचा आहे. आणि ह्याच्या शेंडीचे धागे तिकडं तपासाच्या साहेबांकडं आहेत. हा फुटला की माझं खरं ह्याच्याबरोबर फुटलं. मग मी जन्मभर विमान पाडणारी."

उषाबाई दगडाकडं बघत राहिली. "म्हंजे ह्यानं वाचवलं न्हाई?"

"ह्यानं पाडलं, मावशी. वाचवलं तुझ्या गंजीनं. सरळ जमिनीवर आदळलो असतो तर आमची हाडं वेचावी लागली असती. गंजीनं झेललं, आणि तू ओढून काढलंस."

वावराच्या मधोमध गंजी होती ती जागा अजून तशीच होती. विस्कटलेली, तेलात भिजलेली, वास मारणारी सोयाबीन. वर्षाचं पीक. इतक्या लोकांनी तिच्या वावरात येऊन नारळाला नमस्कार केला होता, अण्णासाहेब तीन वेळा येऊन गेले होते, पण त्या गंजीबद्दल अवाक्षर कुणी काढलं नव्हतं. उषाबाईनं गंजीकडं पाहिलं, मग अण्णासाहेबांकडं पाहिलं.

"असं हाय व्हय," ती म्हणाली. "गंजी माझी गेली अन् नाव ह्याचं झालं. अन् मी येडी रोज सकाळी ह्याला अगरबत्ती लावून राह्यले!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

"उषाबाई, तुझ्या पिकाचं मी बघतो," अण्णासाहेब घाईघाईनं म्हणाले. "तू फक्त नारळ फोडू दे."

हे मात्र त्यांनी बोलायला नको होतं. उषाबाई पदर खोचून पुढं आली.

"आतापस्तोर न्हाई बघितलं, अन् आत्ताच काहून बघायचं सुचलं?" ती म्हणाली. तिनं पुजाऱ्याचा हात बाजूला केला, नारळ उचलला, माळ काढून दगडावर ठेवली. मग दगडाला हात जोडले. "देवा, तुझ्यावर राग न्हाई. कोणी पाडलं ते तुला बी माहीत हाय." आणि गर्दी दुभंगत ती नारळ पदरात घेऊन ताडपत्रीकडं चालू लागली.

हवालदार धर्मराज खुर्चीतून उठला. इतके दिवस भंगार राखून तो कंटाळून गेला होता, आणि आता एकदम त्याच्या अंगात हुशारी आली. "बाई, हे काय?"

"विमानातलं सामान हाय," उषाबाई म्हणाली. "माझ्या पायाशी आल्तं. मला काय म्हाईत, मी देव समजले. घ्या, लिहून घ्या, अन् माझ्या गंजीचं बी लिवा."

"कुंकू पुसू नका, कशालाच हात लावू नका," सुमेधा मागून म्हणाली. उजव्या हातानं ती तपासाच्या साहेबांना फोन लावत होती. साहेबांनी फोन उचलला. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. साहेब म्हणाले, "नारळ?" आणि मग म्हणाले, "त्याला जागचं हलवू नका, मी निघालोच."

गर्दी आता पांगत नव्हती, उलट जवळ येत होती. देव बघायला आलेले लोक तमाशा सोडून कशाला जातील? अण्णासाहेबांनी सुमेधाला बांधाकडं बाजूला बोलावलं. आवाज मऊ झाला होता.

"सुमेधा, बाळ, ऐक. तुझं लायसन कुठं जात न्हाई, मी शब्द देतो. सोमवारपासून कामावर ये. फक्त एवढंच म्हण की, नारळ आत कसा गेला ते माहीत न्हाई. कुणीतरी ठेवला. गडीमाणसं असतात, पूजेच्या गडबडीत... माझं नाव कशाला? माझी इतक्या वर्षांची इज्जत आहे."

सुमेधाला मध्येच आपला तो नळावरचा हात धुण्याचा क्षण आठवला. कॅप्टन आठवले, दवाखान्यात छताकडं बघत पडलेले, "दांडा अडला होता, माझा भ्रम नव्हता," असं येईल त्याला सांगणारे. विहाराच्या पायरीवर पांढऱ्या साडीत वाट बघत बसलेली आई आठवली, जिला पोरीऐवजी फोन आला होता. ती बाजूला गेली नाही. होती तिथंच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"अण्णासाहेब, सोमवारी मी येणारच आहे. दुसरं विमान तपासायचं राहिलंय. मी टॉर्च मारेन, मी पाना फिरवेन, आणि मीच वर बसेन. त्यासाठी तुमचा शब्द नको. आणि तुम्हाला खोटं बोलायची तरी काय गरज आहे? साऱ्या जालन्याला तुम्ही सांगत फिरताय की, नारळ तुम्हीच ठेवला, तुमच्या हातानं, सीटखाली, मी हात धुवायला गेले तेव्हा. ह्या सगळ्यांनी ऐकलंय. पोरांच्या मोबाइलमध्ये आहे. साहेब येतील त्यांनाही तेच सांगा. एक शब्द बदलू नका."

कौसल्याबाई लेकीशेजारी येऊन उभ्या राहिल्या. औषधांची पिशवी अजून त्यांच्या हातातच होती.

अण्णासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मघाशी गोष्ट पुन्हा सांगा म्हणून गळ घालणारी तीच माणसं होती, तसेच मोबाइल उचललेले होते. तेवढ्यात धर्मराजनं ताडपत्रीवर नारळ नीट ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि खिशातलं पेन काढलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "या साहेब, बसा. सांगा पहिल्यापासून. मी लिहून घेतो."